स्वभावाला औषध आहे का?

(मंडळाच्या गणेशोत्सवात सभासदांपुढे झालेल्या व्याख्यानाचा शब्दांकित पाठ.)



  सचिवांनी पंचवीस मिनिटं दिली आहेत आणि त्यानंतर आरती आहे असं दोनदा बजावलं आहे, त्यामुळे घड्याळ समोर ठेवूनच बोलतो.

तुमच्यापैकी बरेच जण मला रोलिंग मिलमधला माणूस म्हणून ओळखतात. १९७८ साली भिलाईला आलो आणि २०१२ साली निवृत्त झालो. रिकामा वेळ खायला उठू नये म्हणून दूरशिक्षणानं मानसशास्त्रात एम. ए. केलं. सौभाग्यवती म्हणाली, "आयुष्यभर लोखंड वाकवलंत, आता माणसं वाकवणार का?" खरं कारण वेगळं होतं. एका प्रश्नाचं उत्तर मला माझ्यासाठीच हवं होतं. आपल्याकडे म्हण आहे, स्वभावाला औषध नाही. ही म्हण कितपत खरी आहे, हा तो प्रश्न.

आधी एक प्रसंग सांगतो. याच मंडळाचा, १९८९ सालचा. माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. मुलांच्या कार्यक्रमात तिला मनाचे श्लोक म्हणायचे होते. घरी तोंडपाठ होते. स्टेजवर गेली, दोन ओळी म्हटल्या आणि तिसऱ्या ओळीला दातखिळी बसली. पुढच्या रांगेतून कुणीतरी मोठ्यानं ओळ पुरी केली. लोक हसले. वाईट मनानं नव्हे, कौतुकानंच हसले. पण ती पडद्यामागे पळाली ती बाहेरच येईना. घरी गेल्यावर मी तिला म्हणालो, "सगळ्या प्लँटसमोर माझं नाक कापलंस." त्यानंतर कुणीही पाहुणे आले की मी तिच्यासमोरच सांगायचो, "आमची ही मुखदुर्बळ आहे हो. स्वभावच तसा, काय करणार!"

पुढच्या वर्षी कार्यक्रमाच्या दिवशी सकाळपासून तिच्या पोटात दुखायला लागलं. डॉक्टरांना काही सापडलं नाही. "राहू दे, नको जाऊस" म्हटल्यावर तासाभरात पोट थांबलं. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. मग शाळेत तोंडी परीक्षेच्या दिवशी पोट दुखू लागलं. वर्गात हजेरीला "उपस्थित" म्हणायलाही तिचा आवाज फुटेना. बाईंनी बोलावून विचारलं, "घरी बोलते का ही?"

हा सगळा स्वभाव होता का? आता मानसशास्त्र काय म्हणतं ते पाहू.

माणसांचे स्वभाव वर्गवारीत बसवायची हौस फार जुनी आहे. आपल्याकडे वात, पित्त, कफ या प्रकृती; सत्त्व, रज, तम हे गुण. ग्रीक-रोमन वैद्यकात, विशेषतः गेलनच्या परंपरेत, शरीरातले चार रस आणि त्यांचे चार स्वभाव. समर्थांनी तर दासबोधात मूर्खांची लक्षणं अशी मोजून दिली आहेत, की वाचताना आपल्या साहेबाचा चेहरा डोळ्यांसमोर येतो आणि थोड्या वेळानं आरशातला!

आधुनिक मानसशास्त्रज्ञांनी वेगळी वाट धरली. १९३६ साली गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट या दोघांनी इंग्रजी शब्दकोश चाळून माणसाचं वर्णन करणारे सुमारे १८ हजार शब्द काढले. त्यातले साडेचार हजारांच्या आसपास टिकाऊ गुणांचे निघाले. पुढच्या संशोधकांनी कोणते गुण एकत्र आढळतात ते गणितानं तपासलं आणि ढीग कमी करत करत पाचावर आणला. बहिर्मुखता, सौजन्य, कर्तव्यदक्षता, भावनिक अस्थिरता आणि नव्याविषयीचा खुलेपणा. प्रत्येकात हे पाचही असतात, फक्त मात्रा कमीजास्त.

ही मात्रा येते कुठून? अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात १९७९ पासून थॉमस बुशार्ड यांनी लहानपणीच ताटातूट होऊन वेगवेगळ्या घरी वाढलेल्या जुळ्यांचा अभ्यास केला. अशा अनेक अभ्यासांतून दिसलं, की माणसामाणसांतल्या स्वभावाच्या फरकात साधारण ४० ते ५० टक्के वाटा अनुवंशाचा असतो. याचा अर्थ नीट घ्या. हा आकडा मोठ्या समूहातल्या फरकांचा आहे. एकट्या माणसाचा अर्धा स्वभाव रक्तातून आणि अर्धा घरातून, अशी वाटणी त्यातून करता येत नाही. त्यामुळे "हा हट्ट तुमच्याकडूनच आलाय" हे भांडण मानसशास्त्र मिटवू शकत नाही.

जेरोम केगन या हार्वर्डच्या प्राध्यापकांनी चार महिन्यांच्या बाळांना हलती खेळणी दाखवली, अनोळखी आवाज ऐकवले. सुमारे २० टक्के बाळं हातपाय झाडून रडू लागली. त्यातली बरीच पुढे बुजरी झाली. म्हणजे बुजरेपणाचं बी जन्मतः असू शकतं. पण सगळीच तशी झाली नाहीत, हेही केगन यांनीच दाखवलं. थोडक्यात, माझी मुलगी अबोल होती ती जन्मतःच असावी. मिलच्या भाषेत सांगायचं तर हीटचं रसायन ठरून आलं होतं. पण एकाच रसायनाच्या पोलादाला पाणी कसं द्याल, त्यानंतर पुन्हा तापवाल की नाही, यावर ते काचेसारखं ठिसूळ होईल की चिवट, हे ठरतं. हे मी तुम्हाला सांगायला नको.

अबोल असणं वेगळं आणि घाबरणं वेगळं. भीती कशी चिकटते हे समजायला रशियात जाऊ. इव्हान पावलोव्ह हे मुळात पचनसंस्थेचे अभ्यासक. त्या कामासाठी त्यांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळालं. कुत्र्यांची लाळ मोजताना लक्षात आलं, की अन्न तोंडात पडायच्या आधीच लाळ सुटते. मग त्यांनी अन्नाच्या आधी दरवेळी मेट्रोनोमची टिकटिक ऐकवली. काही वेळानं नुसत्या टिकटिकीनंही लाळ सुटू लागली. यालाच अभिसंधान म्हणतात. शेवटची आरती सुरू झाली की या बालमित्रांच्या तोंडाला खिरापतीचं पाणी सुटतं, ते हेच.

जे लाळेचं, तेच भीतीचं. १९२० साली जॉन वॉटसन आणि रोझली रेनर यांनी अल्बर्ट नावानं ओळखल्या जाणाऱ्या अकरा महिन्यांच्या बाळाला पांढरा उंदीर दाखवला. बाळ आधी त्याला मुळीच घाबरत नव्हतं. मग ते उंदराला हात लावायला गेलं की मागे लोखंडी कांबीवर हातोडा मारायचा. थोड्याच खेपांत बाळ उंदीर दिसताच रडू लागलं. पुढे ससा आणि फरचा कोट पाहूनही ते बिचकू लागलं. ती भीती न घालवताच प्रयोग संपला. आज असा प्रयोग करायला कुणी परवानगी देणार नाही, आणि एकाच बाळावरचा तो प्रयोग काही फार काटेकोरही नव्हता. पण मी तो वाचला तेव्हा पुस्तक मिटून बसलो. स्टेज हा माझ्या मुलीचा उंदीर होता आणि हशा हा हातोडा. मंडपातली भीती वर्गात गेली, वर्गातून हजेरीपर्यंत गेली. आणि घरी येऊन "नाक कापलंस" म्हणत हातोड्याचा दुसरा घाव मी घातला होता.

मग पोटदुखीचं काय? त्यासाठी बी. एफ. स्किनर. त्यांचा सिद्धान्त एका वाक्यात असा, की ज्या वागण्याचं फळ चांगलं मिळतं, ते वागणं वाढतं. याला प्रबलन म्हणतात. ते दोन प्रकारचं. दांडी दाबली की उंदराला दाणा मिळतो, हा एक. दांडी दाबली की त्रास थांबतो, हा दुसरा. आपण दुसरा प्रकार विसरतो. पोट दुखलं की कार्यक्रम टळतो, छातीतली धडधड थांबते. म्हणून पुढच्या वेळी पोट आणखी लवकर दुखतं. आणि ते ढोंग नसतं, खरोखर दुखतं. यात मीही शिकत होतो बरं का. "नको जाऊस" म्हटलं की घरातली रडारड थांबायची, मला स्वस्थता मिळायची. म्हणजे ती मला आणि मी तिला, असे दोघं एकमेकांना तयार करत होतो. त्याला आम्ही स्वभाव म्हणत होतो.

याच्याही पुढची पायरी १९६७ साली फिलाडेल्फियात मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर यांनी दाखवली. काही कुत्र्यांना विजेचे झटके दिले, पण डोक्यानं फळी दाबली की ते थांबत. दुसऱ्या गटाला तितकेच झटके मिळाले, पण त्यांनी काहीही केलं तरी थांबत नसत. नंतर दोन्ही गटांना अशा पेटीत ठेवलं, जिथे बुटका अडसर उडी मारून ओलांडला की सुटका. पहिला गट पटकन उडी मारायला शिकला. दुसऱ्या गटातले बहुतेक कुत्रे तिथेच झटके सोसत पडून राहिले. याला शिकलेली हतबलता असं नाव पडलं. क्रूर प्रयोग, पण त्यातून कळलं ते मोठं होतं. दुःखापेक्षाही, "मी काही केलं तरी फरक पडत नाही" हा अनुभव माणसाला बसवून ठेवतो. माझी मुलगी दहाव्या वर्षी म्हणू लागली होती, "बाबा, मला नाहीच येत." त्यातला 'नाहीच' मला त्या वेळी ऐकू आला नाही.

आता थोडं फ्रॉइडकडे वळतो, कारण आतापर्यंत मुलीची तपासणी झाली, बापाची व्हायची आहे. व्हिएन्नाच्या सिग्मंड फ्रॉइडचे विचार आपल्या देशात फार लवकर आले. कोलकात्याच्या गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ साली भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. १९३१ साली फ्रॉइडच्या पंच्याहत्तरीला या संस्थेनं हस्तिदंती विष्णुमूर्ती भेट पाठवली आणि देव न मानणाऱ्या त्या गृहस्थानं ती आपल्या टेबलावर ठेवली. फ्रॉइडच्या मते मनात तीन कारभारी असतात. आत्ताच्या आत्ता हवं म्हणणारा इदम्, लोक काय म्हणतील असं दटावणारा पराहम्, आणि दोघांच्या मधे पिचणारा अहम्. आपल्या कामगार प्रतिनिधी, व्यवस्थापन आणि बिचारा फोरमन यांच्यासारखं. फ्रॉइडची बरीच मतं पुढे तपासणीत टिकली नाहीत. पण आपल्या वागण्याची सगळी कारणं आपल्याला ठाऊक नसतात, हे त्यांचं म्हणणं टिकलं.

मनाच्या संरक्षक युक्त्यांची नीट मांडणी त्यांच्या कन्येनं, ॲना फ्रॉइड यांनी, १९३६ साली केली. त्यातली एक म्हणजे विस्थापन. जिथला राग तिथे काढता येत नाही, म्हणून तो दुसरीकडे काढायचा. मराठीत याला फार छान शब्द आहेत: वड्याचं तेल वांग्यावर. त्या दिवशी सकाळच्या मीटिंगमध्ये एका बिघाडावरून माझी सर्वांदेखत हजेरी घेतली गेली होती. मी उत्तर देऊ शकलो नव्हतो. माझीही दातखिळी बसली होती! संध्याकाळी मुलीची बसली, आणि सकाळचा सगळा राग त्या सात वर्षांच्या पोरीवर निघाला. हे कळायला मला पंचवीस वर्षं आणि एक एम. ए. लागलं.

पण तोवर काम झालं होतं. ते कुणी केलं ते सांगतो. आमच्या समोरच्या क्वार्टरमध्ये एक वहिनी राहायच्या. जन्म रायपूरचा, मराठीत निम्मी हिंदी. मंडळात खिरापतीची जबाबदारी त्यांच्याकडे असायची. १९९२ च्या उत्सवाआधी त्या मला म्हणाल्या, "भाऊजी, पोरगी दहा दिवस माझ्याकडे द्या. आणि एक करा, तिच्यासमोर तिला मुखदुर्बळ म्हणायचं बंद करा."

पहिले दोन दिवस ती स्टेजमागे बसून द्रोणात खिरापत भरायची. तिसऱ्या दिवशी द्रोण घेऊन पडद्यापर्यंत. पाचव्या दिवशी वहिनींनी पडद्याआडूनच माइक हाती घेतला आणि उद्याची खिरापत कुणाकडे ते वाचलं. वाचताना चुकल्या, "अरे, ये तो गलत हो गया" म्हणून स्वतःच हसल्या आणि पुढे वाचत राहिल्या. सातव्या दिवशी तोच कागद मुलीच्या हातात. माइकवर बंद-चालूचं बटण होतं. वहिनी म्हणाल्या, "नको वाटलं की तूच बंद कर. मला विचारायचं नाही." त्या वर्षी तिनं तो दोनदा बंद केला. कुणी काही बोललं नाही. पुढच्या वर्षी एकदाही नाही. १९९४ साली याच स्टेजवर उभं राहून तिनं स्पर्धांचे निकाल वाचले.

वहिनींनी मानसशास्त्राचं पुस्तक कधी हातात धरलं नव्हतं. पण १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या बाईंनी हेच केलं होतं. पीटर नावाचा तीन वर्षांच्या आतला मुलगा सशाला घाबरायचा. तो आवडीचं खाताना ससा लांब ठेवायचा आणि रोज थोडा जवळ आणायचा. सशाला न भिणारी मुलंही सोबत असायची. शेवटी पीटर सशाला कुरवाळू लागला. भीती ज्या वाटेनं आली, त्याच वाटेनं तिला पायरी पायरीनं परत पाठवता येतं.

चुकून हसण्याचं श्रेय आल्बर्ट बांडुरांकडे जातं. १९६१ साली स्टॅनफर्डमध्ये त्यांनी ७२ बालकांवर प्रयोग केला. मोठ्या माणसाला फुगवलेल्या बाहुल्याला बडवताना पाहिलेली मुलं स्वतःही त्याला जास्त बडवू लागली. कुणी बक्षीस दिलं नव्हतं, शिक्षाही नाही, नुसतं पाहून शिकली. पुढे सापाला घाबरणाऱ्या मोठ्या माणसांची भीतीही बांडुरांनी पाहून-करून अशाच रीतीनं घालवली. आपली मुलं आपण सांगतो ते कमी ऐकतात, आपण करतो ते जास्त बघतात. चुकूनही हसता येतं, हे वहिनींनी तिला करून दाखवलं.

आणि बटण? २०१६ साली मायर आणि सेलिग्मन यांनी मेंदूवरच्या नव्या संशोधनाच्या आधारे लिहिलं, की आमचा मूळ सिद्धान्त उलटा होता. सतत त्रास झाला की गप्प पडून राहणं हा मेंदूचा मूळ प्रतिसादच आहे, ते शिकावं लागत नाही. शिकावं लागतं ते "माझ्या करण्यानं फरक पडतो" हे. पन्नास वर्षांनी स्वतःची चूक स्वतः छापणारी माणसं मला मोठी वाटली. आणि वहिनी मला आणखी मोठ्या वाटल्या. तो फरक त्यांनी मुलीच्या अंगठ्याखाली ठेवला होता.

आता मूळ प्रश्न. स्वभावाला औषध आहे का? २०१७ साली ब्रेंट रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी उपचारांचे २०७ अभ्यास एकत्र करून पाहिलं. सरासरी २४ आठवड्यांत स्वभावगुणांत मोजता येईल असा बदल दिसला, आणि सगळ्यात जास्त बदल भावनिक स्थैर्यात होता. बदल अफाट नव्हता, पण होता. म्हणजे म्हण अर्धी खरी आहे. माझी मुलगी आज नागपूरला शाळेत शास्त्र शिकवते. चाळीस मुलांसमोर रोज उभी राहते. सुट्टीला घरी आली की अजूनही अबोलच. चार तासांत चार वाक्यं. ती तिची प्रकृती, तिला औषधाची गरजच नाही. औषध हवं होतं ते भीतीला, आणि ते मिळालं. आपली चूक अशी होते, की दोन्हींना आपण एकच शब्द वापरतो.

घड्याळ पाहतोय, सचिव उठून उभे राहिले आहेत. शेवटी तीन विनंत्या. एक, मुलाच्या देखत त्याच्या स्वभावाचं नाव ठेवू नका. मठ्ठ, तापट, रडूबाई, मुखदुर्बळ. आपण नाव ठेवतो आणि ते मूल त्या नावाला जागतं. दोन, भीती टाळू देऊ नका आणि त्यात ढकलूनही देऊ नका. मधे पायऱ्या बांधा. तीन, भीती किंवा उदासी आपल्या आवाक्याबाहेरची वाटली तर तज्ज्ञाकडे जायला लाजू नका. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे आणि तिथे अनेक भारतीय भाषांत बोलता येतं.

आणि एक विनंती मंडळाला. परवा मुलांचा कार्यक्रम आहे. कुणीतरी अडखळेलच. घरात मराठी, शाळेत हिंदी, पुस्तकात इंग्रजी अशी आपली मुलं, अडखळणारच. त्या वेळी पुढच्या रांगेनं ओळ पुरी करू नये आणि हसू नये. दहा आकडे मोजेपर्यंत नुसतं थांबावं. दहा आकडे फार लांब वाटतात, पण तेवढ्यात ओळ आठवते. नाही आठवली तर टाळ्या वाजवाव्यात, आणि घरी जाताना बापानं पोराचा हात धरावा, एवढंच.

त्या वहिनी आता आपल्यात नाहीत. १९८९ साली मी जे करायला हवं होतं, ते त्यांनी माझ्यासाठी केलं. हे व्याख्यान त्यांना.

गणपती बाप्पा मोरया!